हिरव्या दिव्याची साक्ष

१

चिमणाबाईच्या म्हशीचं रेडकू गेलं, आणि त्याच्या पाठोपाठ बाळासो खोताचा शब्दही गेला. रेडकासाठी गावात चार माणसं हळहळली. बाळासोच्या शब्दासाठी हळहळायला कुणी उरलं नव्हतं.

झालं होतं ते असं. शाहूवाडीकडच्या डोंगरातल्या त्या गावात अंबाई पशुसेवा सहकारी संघाचं एक लहानसं केंद्र होतं आणि बाळासो ते चालवायचा. कुणाचं जनावर अडलं, आजारी पडलं की त्याने केंद्रातल्या टॅबवर नोंद करायची. ती नोंद कोल्हापूरच्या मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरवर जायची आणि तिथून जवळच्या डॉक्टरच्या फोनवर. त्या दिवशी उजाडता उजाडता चिमणाबाईची म्हैस व्यायला अडली. बाळासो म्हणत होता, मी लगेच नोंद केली. डॉक्टर आला नाही. शेवटी बाळासोनेच मोटारसायकल काढली आणि घाट उतरून डॉक्टरला घेऊन आला, पण तोवर वेळ गेली होती. म्हैस वाचली एवढंच.

संघाचं म्हणणं वेगळं होतं. सर्व्हरवर अशी नोंदच नव्हती. बाळासो झोपून राहिला, जाग आल्यावर घाबरून पळाला आणि अंगावर येऊ नये म्हणून त्याने थाप ठोकली, असा सरळ अर्थ कार्यालयाने लावला होता. गुरुवारच्या बैठकीत त्याला काढून टाकायचं, हे ठरल्यातच जमा होतं. नियमाला चौकशी लागते, म्हणून कागद मेहमुदा शिकलगारच्या टेबलावर आला.

मेहमुदा संघाची चौकशी अधिकारी. पन्नाशी जवळ आलेली, चष्मा कपाळावर चढवून बोलणारी. औषधांची खोटी बिलं, न झालेल्या लसीकरणाचे फोटो, असल्या भानगडी तिने वर्षानुवर्षं उकरून काढल्या होत्या. तिचा आजा सुऱ्यांना धार लावायचा. पातं कुठं बोथट झालंय ते डोळ्यांनी बघू नये, बोट फिरवून बघावं, असं तो म्हणायचा, आणि नातीने हा धडा माणसांसाठी वापरला होता.

"दोन ओळी लिहा आणि सही करा मॅडम," सचिव इंगवले म्हणाले. "यात शोधायसारखं काय न्हाय. राखणदार हिरवा होता."

"राखणदार कोण?"

"तेच की. यशराजनं बसवलंय ते. सर्व्हरवर नजर ठेवतंय. त्यादिवशी सकाळभर हिरवा दिवा होता. म्हंजे सर्व्हर ठणठणीत. म्हंजे बाळासो खोटं बोलतोय."

मेहमुदाला या वाक्यातला दुसरा 'म्हंजे' पटला नाही. माणसाविरुद्ध दिव्याची साक्ष तिने आजवर घेतली नव्हती. घ्यायचीच, तर दिव्याचीही उलटतपासणी झाली पाहिजे, असं तिला वाटलं.

२

त्याच दिवशी, सोमवारी, दुपारच्या आधी ती यशराजच्या खोलीत जाऊन बसली. यशराज हा संघाचा कॉम्प्युटर इंजिनियर, तिशीच्या आतला. हुशार पोरगा, आणि आपण हुशार आहोत ही बातमी त्याला वेळेवर पोचलेली होती. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एक आलेख आणि कोपऱ्यात हिरवा गोल.

रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी मुकी होती. आठवड्याची दुरुस्ती म्हणून त्या भागात सोमवारी लाईट जायची. डोक्यावरचा पंखा मात्र गार वारा घालत होता, आणि कार्यालयाच्या व्यवस्थापक वर्षाराणी चौगुले यांनी पाठवलेला चहा समोर वाफाळत होता.

"मला आडाणी समजून सांग," मेहमुदा म्हणाली.

"सर्व्हरला एका वेळी किती जणांशी बोलता येतं याची मर्यादा असते मॅडम. केंद्रावरचा टॅब उघडला की सर्व्हरशी त्याचं एक कनेक्शन जोडलं जातं. टॅब बंद केला की ते सुटतं. मर्यादा भरली तर पुढच्याला आत घेत नाही. म्हणून राखणदार दर मिनिटाला मोजतो, आत किती आहेत आणि मर्यादा किती. भांडं भरत आलं की पिवळा, मग लाल, आणि माझा फोन बोंबलायला लागतो."

"मर्यादा किती?"

"आधी शंभर होती. मुरगूडकडची नवीन केंद्रं आली तेव्हा मी तीनशे केली. सेटिंगच्या फाईलमध्ये लिहिलंय, दाखवतो." त्याने दाखवलं. तीनशेच होती. "आणि हा त्या दिवसाचा आलेख. जेमतेम एक तृतीयांश भरलं होतं. बाळासोला आत यायला मैदान मोकळं होतं."

मेहमुदाने चष्मा डोळ्यांवर घेतला. आलेखाची रेघ पहाटेपासून चढत गेली होती, वाकडीतिकडी, माणसांच्या सवयीसारखी. आणि उजाडल्यावर एका उंचीला जाऊन ती आडवी झाली होती, अगदी सरळ. दुपारपर्यंत तशीच होती, मग पुन्हा वाकडीतिकडी खाली.

"ही इथं सपाट का झाली रे?"

"तेवढीच केंद्रं चालू असतील."

"सगळी सकाळ? एक जण कमी न्हाय, एक जास्त न्हाय?"

यशराजने खांदे उडवले. "हिरवं आहे ना मॅडम. हिरव्याचं कोण बघत बसतंय?"

त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, थोडा कंटाळा होता. मेहमुदाने चहा संपवला. गर्दी अशी वागत नाही, हे तिला यात्रेच्या रांगांत उभं राहून ठाऊक होतं. पण या सपाट रेघेचा एका मेलेल्या रेडकाशी काय संबंध, ते तिला सांगता आलं नसतं. जाताना यशराज सहज म्हणाला, "आणि सर्व्हरच्या खोलीची किल्ली दोघांकडेच असते. माझ्याकडे आणि वर्षाराणी मॅडमकडे."

दारातून बाहेर पडताना तिला शिपायाने हळूच गाठलं. बाळासोच्या जागेसाठी आधीच एक अर्ज येऊन पडला होता. अर्जदार वर्षाराणीबाईंचा सख्खा भाचा होता.

३

मंगळवारी भल्या सकाळी संघाची जीप घाटाला लागली. वाटेत मलकापुरात डॉक्टर राजवीर भेटले. उंच, दमलेले, शर्टाला औषधाचा वास. त्यांच्याबद्दलही कुजबुज होतीच, की ते सकाळी खासगी गिऱ्हाईकं बघतात आणि संघाचा फोन उचलत नाहीत.

"लोक बोलतात ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी फोन खिशातच होता. वाजलाच नाही. शेवटी हा बाळासो दारात. पायात चप्पल नाही, बनियनवर आलता. 'नोंद करून येवढा वेळ झाला, तुम्ही निघाला का न्हाय?' असं ओरडला माझ्यावर. मला काही कळेना."

"खोटं बोलत होता असं वाटलं?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "खोटं बोलणारा माणूस आधी सफाई देतो मॅडम. हा मला शिव्या घालत होता. पण फोन वाजला नाही, हेही तितकंच खरं."

पुढच्या वळणावळणांवर मेहमुदा हेच घोळवत राहिली. दोघांपैकी एक खोटारडा, असं धरूनच सगळे चालले होते. दोघंही खरं बोलत असतील तर? मग नोंद बाळासोच्या बोटातून निघाली होती आणि डॉक्टरच्या खिशापर्यंत पोचली नव्हती. मधे कुठंतरी ती अडली होती, आणि तिथं कुणीतरी किंवा काहीतरी उभं होतं.

गावात चिमणाबाईचं घर आधी लागलं. म्हातारी गोठ्यात वैरण टाकत होती. दोन म्हशी. त्यातली एक अजून अंगाने उतरलेली.

"बसा पावणं," ती म्हणाली. मग कुणी काही विचारायच्या आतच बोलायला लागली. "जनावार जातंय. म्या काय पयल्यांदा बगितलं व्हय? पर त्यो मला म्हनला, आत्ती, नोंद केलीया, डॉक्टर येतोय, तू भिऊ नगंस. म्या इश्वास ठिवला. दुसऱ्या कुनाला धाडलं असतं तर डॉक्टर कवाच आला असता. आन् आता तुमीच सांगताय की त्येनं नोंद केलीच न्हवती."

"मी नाही सांगितलं," मेहमुदा म्हणाली.

"तुमच्या हाफिसानं सांगटलं. लान असल्यापास्नं माज्या दारात वाडलेलं प्वार. त्येनं मला खोटं सांगावं." तिने पदराने तोंड पुसलं. राग होता, पण त्याच्याखाली दुखणं होतं, आणि ते रेडकापेक्षा मोठं होतं.

केंद्र पलीकडच्याच खोलीत होतं. बाळासो दारात उभा होता, पण चिमणाबाईच्या अंगणात पाऊल टाकायची त्याची छाती होत नव्हती.

४

"तीन डाव दाबलं मॅडम," बाळासो म्हणाला. रुंद खांद्याचा गडी, पण आवाज पार आत गेलेला. "गोल फिरायचं आन् थांबायचं. पयल्यांदा मला वाटलं गेलं, म्हनून आत्तीला सांगून आलो. परत येऊन बघतोय तर गेलं का न्हाय कळंना. परत दाबलं, परत दाबलं. येक डाव तरी गेलं आसंल म्हनून वाट बगितली, डॉक्टर येईना, मग गाडी काडली."

"टॅब कुठाय?"

त्याने कपाट उघडलं. टॅब पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला, बंद.

"असाच ठेवतोस नेहमी?"

"व्हय की. काम झालं की बंद करायचं. उगच कशाला चालू ठेवायचं? संघाची वस्तू हाय. हितं लाईटचा बी भरवसा न्हाय."

मेहमुदाने त्याला टॅब उघडायला सांगितलं. समोर, तिच्या डोळ्यांदेखत. बाळासोने उघडला, नाव टाकलं. पडद्यावर गोल फिरायला लागला. फिरला, फिरला, थांबला. खाली अक्षरं आली, 'पुन्हा प्रयत्न करा'.

"बगा," बाळासो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा जरा वर आला. "सकाळच्याला असंच करतंय. समदीकडं तसंच आसंल म्हनून म्या कवा बोललो न्हाय."

डोंगराआड मोबाईलला रेंज नव्हती. मेहमुदा शेजारच्या दूध संस्थेत गेली. केंद्राला येणाऱ्या इंटरनेटच्या त्याच तारेवर संस्थेचा कॉम्प्युटर सुरळीत चालला होता, म्हणजे दोष गावच्या लाइनीचा नव्हता. तिथल्या फोनवरून तिने कोल्हापूर लावलं.

"यशराज, आत्ता पडद्यावर काय दिसतंय?"

"हिरवं आहे मॅडम. का?"

"नीट बघ."

"एक तृतीयांश भरलंय. मस्त चाललंय सगळं."

मेहमुदाने फोन ठेवला. इकडे दार बंद, तिकडे दिवा हिरवा, आणि दोन्ही एकाच वेळी. बाळासो खरं बोलत होता याबद्दल तिची खात्री पटली. पण तिची खात्री बैठकीत चालणार नव्हती. इंगवले म्हणाले असते, डोंगरात एखाद्या वेळी होतं तसं. तिला कारण हवं होतं, आणि कारण कोल्हापुरात होतं, त्या दोन किल्ल्यांच्या आसपास.

५

बुधवारी तिने आधी मुरगूडला फोन लावला. तिथलं नवीन केंद्र झिशान नावाचा तरुण चालवत होता.

"आमचा टॅब?" झिशान हसला. "त्यो कवा बंदच नसतोय मॅडम. पहाटे उघडला की चार्जिंग संपंस्तवर चालू. सारखं कोण उघडझाक करतंय? आमच्या हिकडं समदीच तशी ठेवतात."

"नोंद जायला कधी अडचण?"

"छ्या, कवाच न्हाय."

मग तिने बाळासोसारख्याच डोंगरातल्या दुसऱ्या एका केंद्राला विचारलं. ते लोकही टॅब काम झालं की बंद करत. तिथला माणूस म्हणाला, सकाळी जरा नखरे करतंय, पण दहा डाव दाबलं की जातंय. तक्रार? तक्रार कशाला करायची, जातंय की शेवटी.

पहाटे आत शिरून बसलेले दिवसभर आत होते. दर वेळी बाहेर पडून नीट दार ओढून घेणारे नंतर बाहेरच राहत होते. म्हणजे आत जागा संपत होती, यशराजचा पडदा काहीही सांगो. जागा संपते तेव्हा माणसांची रेघ सपाट होते. सपाट रेघेचा अर्थ लागला, पण त्याने कोडं जास्तच घट्ट झालं. तीनशेच्या घरात शंभर माणसांनी जागा कशी संपेल?

दुपारी ती वर्षाराणीबाईंसमोर बसली आणि सरळ भाच्याचा विषय काढला. वर्षाराणीबाई लाल झाल्या.

"अर्ज केला त्यानं, माझ्याकडून घरात सहज बोलण्यात गेलं म्हणून. मी त्याला झापलं. माणूस अजून खुर्चीवर आहे आणि तू अर्ज टाकतोस, लाज नाही वाटत? अर्ज परत घ्यायला लावलाय मी. विचारा इंगवले साहेबांना."

"आणि सर्व्हरच्या खोलीत तुम्ही काय करता?"

"मी? मी कशाला हात लावतेय त्याला? आत जाते ती इन्व्हर्टरची पाणीपातळी बघायला." आता त्यांचा चेहरा जरा खुलला. "या कार्यालयात कुणी माझं नाव घेत नाही, पण बॅटऱ्या मी बदलून घेतल्या. जुन्या नुसत्या नावाला होत्या. सोमवारी लाईट गेली की घटकेत सगळं बंद, फ्रीजमधल्या लसी गरम, सर्व्हर बंद, लाईट आल्यावर परत चालू करत बसा. आता लाईट जाऊ दे नाहीतर राहू दे, इथली टाचणीसुद्धा हलत नाही."

मेहमुदाचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. सोमवारी गिरणी मुकी होती आणि तिच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

"या बॅटऱ्या कधी आल्या? मुरगूडची केंद्रं सुरू व्हायच्या आधी की नंतर?"

"आधी. थोड्याच दिवस आधी."

मेहमुदा उठली. गुन्हेगार सापडला होता. अडचण एवढीच होती की त्याला हातकडी घालता येण्यासारखी नव्हती.

६

गुरुवारी सकाळी यशराजच्याच खोलीत, पडद्यासमोर बैठक भरली. मेहमुदाने ती मुद्दाम सकाळी भरवायला लावली, रेघ सपाट होते त्या वेळेला. इंगवले, संचालक मंडळी, यशराज, वर्षाराणीबाई. आणि टेबलावर दूध संस्थेला जोडलेला फोन. पलीकडे बाळासो.

"बाळासो, टॅब उघड," ती म्हणाली.

थोड्या वेळाने आवाज आला, "गोल फिरतोय. थांबला. आत घेत न्हाय मॅडम."

"यशराज, राखणदार?"

"हिरवा." यशराजचा चेहरा मात्र हिरवट झाला होता.

"तू मर्यादा तीनशे केलीस. केली की लगेच लागू होते?"

"नाही. सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागतो. मग लागू होते."

"तू बंद करून चालू केलास?"

"ते आम्ही सोमवारवर टाकतो मॅडम." यशराजने हे इतक्या सहज म्हटलं, की दोन संचालकांनी मानही हलवली. "म्हणजे, मी आलो तेव्हापासून तशीच पद्धत आहे. काही बदल केला की सोमवारवर टाकायचा. सोमवारी लाईट जाते, सर्व्हर आपोआप..."

तो थांबला. वर्षाराणीबाईंनी हात तोंडावर नेला.

"सर्व्हर आपोआप बंद पडायचा," मेहमुदाने वाक्य पुरं केलं. "वर्षाराणी मॅडमनी नवीन बॅटऱ्या बसवल्या. चांगलंच काम केलं. त्यानंतर सोमवार आले आणि गेले, लाईट गेली आणि आली, पण सर्व्हर एकदाही बंद पडला नाही. कागदावर तीनशे लिहिलेले राहिले. सर्व्हर जुन्या शंभरावरच चाललाय. आणि राखणदार मर्यादा कुठून वाचतो?"

"फाईलमधून," यशराज पुटपुटला.

"म्हणजे तो मापाचं भांडं बघत नाही, भांड्यावर चिकटवलेली चिठ्ठी बघतो. भांडं काठोकाठ भरलंय, तो म्हणतो अजून दोन वाटे रिकामं आहे. चिठ्ठी राहू दे. सर्व्हरलाच विचार, तुझ्यात किती मावतात?"

यशराजने कळा दाबल्या. पडद्यावर सर्व्हरचं उत्तर आलं. त्याने ते वाचलं नाही, खुर्ची बाजूला सारून सगळ्यांना दिसू दिलं. शंभर. त्याच्या शेजारी हिरवा दिवा तसाच तेवत होता.

इंगवले खुर्चीत सावरून बसले. "पण मग बाकीच्या केंद्रांची तक्रार कशी न्हाय?"

"मुरगूडवाले पहाटे आत जातात ते बाहेरच येत नाहीत. डोंगरातले दर वेळी टॅब बंद करतात, म्हणून परत आत शिरायला त्यांनाच जागा नसते. कधी कुणाचं चार्जिंग संपतं, तेवढ्यात एखादा आत जातो, आणि गेलं ना म्हणून गप्प बसतो. त्या दिवशी म्हैस अडली होती, बाळासोला तेवढी सवड नव्हती." तिने चष्मा कपाळावर चढवला. "संघाची वस्तू जपून वापरतो म्हणून तो बाहेर राहिला. आणि आपण त्याला खोटारडा म्हणालो."

मग यशराज उठला. "चूक माझी आहे. सर्व्हरची परीक्षा घ्यायची सोडून मी राखणदाराला विचारत बसलो. आत्ताच्या आत्ता बंद करून चालू करतो."

"सोमवारवर नको?" वर्षाराणीबाई म्हणाल्या, आणि खोलीतला ताण थोडा सैल झाला.

सर्व्हर बंद झाला. सगळे पडद्याकडे बघत बसले, कुणी पाणीसुद्धा प्यालं नाही. तो पुन्हा चालू झाला, केंद्रं एकामागून एक आत आली, रेघ चढत गेली आणि नेहमीच्या उंचीला न अडता वाकडीतिकडी होत वर निघाली. फोनमधून बाळासोचा आवाज आला.

"मॅडम. घेटलं की आत."

दुपारपर्यंत यशराजने राखणदाराला नवं शिकवलं. मर्यादा सर्व्हरच्या तोंडूनच ऐकायची, आणि दर थोड्या वेळाने बाहेरच्या माणसासारखं दार वाजवून बघायचं, उघडतंय का. उघडलं नाही तर आतले आकडे काहीही असोत, लाल. हे करताना तो आजवरचा सर्वांत शांत यशराज होता आणि मेहमुदाला तो पहिल्यांदाच आवडला.

इंगवल्यांनी बाळासोला निर्दोष ठरवल्याचं पत्र लिहायला घेतलं.

"पत्र लिहा," मेहमुदा म्हणाली. "पण त्याला खोटं ठरवलं ते गावात. खरं ठरवायचं तर तेही गावातच."

७

शुक्रवारी जीप पुन्हा घाट चढली. इंगवले पुढे बसले होते, यशराज मागे. देवळाच्या पारापाशी माणसं जमली. इंगवले भाषणाची सवय असलेले गृहस्थ, पण त्या दिवशी त्यांनी थोडक्यात आवरलं. चूक संघाची होती, बाळासोने नोंद करायचा प्रयत्न केला होता, आमच्याच यंत्राने त्याला आत घेतलं नाही. यशराजने यंत्राचं नाव पुढे न करता स्वतःचं केलं आणि चिमणाबाईपुढे हात जोडले.

लोक आपसांत बोलायला लागले. बाळासो खाली बघत उभा होता. चिमणाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, वळली आणि घराकडे चालायला लागली.

मेहमुदा खट्टू झाली. कारण सापडलं, कागद झाला, माफी झाली, आणि ज्या एका माणसासाठी हे सगळं होतं ते न बोलता निघालं होतं. शब्द एकदा गेला की पत्राने परत येत नाही, हे तिने नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

घराच्या कोपऱ्यावर चिमणाबाई थांबली.

"बाळ्या," तिने हाक मारली. "थोरली म्हस सकाळधरनं हंबारतीया. माजावर आलीया. डॉक्टरला बलवाय पायजे, आजच. का हुबा ऱ्हायलास? लाव की तुजं यंत्र."

बाळासो धावला म्हणायलाही हरकत नाही. केंद्रातून टॅब आला, फडकं सुटलं. गोल फिरला. यशराजने श्वास रोखला होता, आणि खरं सांगायचं तर मेहमुदानेही. गोल थांबला, नोंद गेली, आणि थोड्याच वेळात मलकापुरातून डॉक्टर राजवीरांचं उत्तर पडद्यावर उमटलं.

"निगालं डॉक्टर," बाळासो म्हणाला. मग घाईघाईने टॅब चिमणाबाईच्या समोर धरला. "बग आत्ती, हितं लिवलंय. खरंच. कुनाकडनं बी वाचून घे."

चिमणाबाईने टॅबकडे पाहिलंसुद्धा नाही. हाताने तो बाजूला केला.

"मला काय दावतोस ते? तू म्हंतोस न्हवं निगालं. मग निगालंच." आणि तिने आत सुनेला आवाज दिला, डॉक्टर यायचाय, च्या टाक, समद्यांस्नी.